दिल्लीची कावीळ आणि यकृताचे दार

१९५५ च्या पावसाळ्याअखेर यमुनेला मोठा पूर आला. पूर ओसरला तेव्हा दिल्लीजवळ नदीचा प्रवाह पूर्वीच्या जागी राहिला नव्हता. वजिराबाद येथे शहरासाठी पाणी उपसले जाई आणि त्याच्या खालच्या अंगाला नजफगढचा नाला नदीला मिळे. शहराचा मैला वाहून आणणारा हा नाला उपसा केंद्राच्या खाली आहे, यावरच सारी भिस्त होती. नदीने पात्र बदलताच ते गणित बिघडले. नाल्याचे पाणी मागे सरकत उपसा केंद्राच्या तोंडाशी आले आणि काही दिवस मैलामिश्रित पाणी शुद्धीकरणासाठी घेतले गेले. जलशुद्धीकरण करणाऱ्यांच्या हे लक्षात आले होते. त्यांनी क्लोरीन आणि तुरटीचे प्रमाण वाढवले, आणि त्याचा उपयोगही झाला. विषमज्वराची किंवा आमांशाची साथ आली नाही. शहराने सुटकेचा निःश्वास टाकला.

त्यानंतर काही आठवड्यांनी, डिसेंबर १९५५ मध्ये, कावीळ सुरू झाली. जानेवारी १९५६ पर्यंत दिल्लीत उघड कावीळ झालेल्या रुग्णांचा अंदाज २९,३०० वर गेला. डॉ. आर. विश्वनाथन यांनी या साथीचा केलेला अभ्यास १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत तो आजही उद्धृत होतो. वाढवलेल्या क्लोरीनने जिवाणूंना आवरले, पण त्याच पाण्यातून एक विषाणू घराघरांत पोहोचला होता.

या साथीत दोन गोष्टी विचित्र होत्या. रुग्णांत तरुण आणि प्रौढांचा भरणा होता, आणि गर्भवती स्त्रियांमध्ये आजार अधिक तीव्र होऊन मृत्यूचे प्रमाणही जास्त होते. त्या काळी दूषित पाण्यातून होणारी कावीळ म्हणजे आज ज्याला हिपॅटायटिस ‘ए’ म्हणतात तोच आजार, अशी समजूत होती. परंतु भारतात ‘ए’ची लागण बहुतेकांना लहानपणीच होऊन जात असे आणि ती आयुष्यभराचे संरक्षण देई. मग मोठी माणसे इतक्या संख्येने आजारी कशी पडली?

या प्रश्नाचे उत्तर मिळायला पाव शतक लागले, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील डॉ. एम. ए. श्रीनिवासन, डॉ. खोर्शेद पावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी शास्त्रज्ञांसह दिल्ली, अहमदाबाद आणि पुणे येथील साथींतील जपून ठेवलेले रक्तद्रव तपासले. ‘ए’ची ताजी लागण झाल्याची खूण त्यांत नव्हती आणि ‘बी’ही या साथींना जबाबदार नव्हता. १९८० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा निष्कर्ष आला. त्याच वर्षी डॉ. एम. एस. खुरू यांनी काश्मीर खोऱ्यातील साथीवरून तेच सांगितले. १९८३ मध्ये मॉस्कोचे मिखाईल बालायन यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्राशन केला, त्यांना कावीळ झाली आणि त्यांच्याच विष्ठेत नवे विषाणुकण दिसले. १९९० मध्ये या विषाणूचा जनुकीय आराखडा हाती आला आणि त्याचे ‘हिपॅटायटिस ई’ हे नाव रूढ झाले.

नाव मिळाले, साथीचा माग लागला, रक्तचाचण्या तयार झाल्या. मात्र विषाणूविषयीचा सर्वांत साधा प्रश्न अजून पूर्णपणे सुटलेला नाही: आतड्यातून रक्तात आणि रक्तातून यकृतात आलेला हा कण यकृताच्या पेशीत शिरतो कसा? ज्या आजाराच्या सर्वांत मोठ्या नोंदलेल्या साथींपैकी एक दिल्लीत घडली, त्याच्या विषाणूचे दार शोधण्याचे काम भारतीय विज्ञानाने आपले मानले पाहिजे. ते दुसरे कोणी तितक्या निकडीने करणार नाही.

‘दार’ म्हणजे नेमके काय, हे आधी पाहायला हवे. यकृतपेशीची एक बाजू रक्ताकडे असते, दुसरी पित्ताच्या सूक्ष्म नलिकांकडे. रक्ताकडील बाजूवर असंख्य प्रथिने आणि शर्करासाखळ्या असतात. त्या पेशीच्या स्वतःच्या कामासाठी असतात. कोणी रक्तातील क्षार आत ओढते, कोणी संदेश स्वीकारते, कोणी शेजारच्या पेशीला धरून ठेवते. विषाणू यांपैकी एखाद्या रेणूला चिकटतो आणि त्याच्या आधारे आत जातो. अशा रेणूला ग्राही किंवा रिसेप्टर म्हणतात. कोणतीही पेशी विषाणूसाठी ग्राही तयार करत नाही. तिच्या रोजच्या व्यवहाराचे दार विषाणूने वापरलेले असते.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण हिपॅटायटिस ‘बी’चे आहे. रक्त आणि शरीरद्रवांतून, तसेच आईकडून बाळाला होणाऱ्या या आजाराचे भारतात २०२२ मध्ये सुमारे ३ कोटी दीर्घकालीन रुग्ण होते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. विषाणू १९६० च्या दशकात सापडला, लस १९८० च्या दशकात आली, पण त्याचा ग्राही कळायला २०१२ साल उजाडले. बीजिंगमध्ये वेन्हुई ली यांच्या गटाने दाखवले, की हा ग्राही म्हणजे पित्तक्षार रक्तातून यकृतपेशीत परत ओढून घेणारे एनटीसीपी नावाचे प्रथिन आहे. अन्न पचवायला आतड्यात उतरलेले पित्तक्षार शरीर वाया घालवत नाही. ते रक्तावाटे यकृतात परततात, आणि त्या परतीच्या वाटेवरचा द्वारपाल म्हणजे एनटीसीपी. हे प्रथिन प्रामुख्याने यकृतपेशीतच असते. ‘बी’ विषाणू यकृत का निवडतो, या जुन्या कोड्याचा मोठा भाग या एका शोधाने उलगडला.

या शोधाचा पहिला फायदा प्रयोगशाळांना झाला. प्रयोगात नेहमी वापरल्या जाणाऱ्या यकृतपेशींना ‘बी’ची लागण होत नसे, कारण त्यांत एनटीसीपी जवळजवळ नसे. त्याचे जनुक घालताच त्या पेशी लागणीस योग्य झाल्या आणि एरवी दुर्मीळ मानवी यकृतपेशींवर अवलंबून असलेले प्रयोग अनेक ठिकाणी शक्य झाले. औषधाची गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकी क्रमाने घडली नाही. विषाणूच्या कवचाचा जो तुकडा पेशीला चिकटतो, त्याची नक्कल करणारा छोटा प्रथिनतुकडा युरोपातील संशोधकांनी ग्राही सापडण्यापूर्वीच तयार केला होता. चावीची नक्कल हातात होती, पण कुलूप माहीत नव्हते. २०१२ नंतर ती नक्कल कोठे बसते आणि कशी काम करते हे कळले. पुढे तेच औषध बुलेव्हिर्टाइड नावाने, ‘बी’च्याच कवचावर जगणाऱ्या हिपॅटायटिस ‘डी’साठी, २०२० मध्ये युरोपीय संघात सशर्त मान्य झाले. विषाणूला दारातच अडवता येते, याचा हा ठोस पुरावा आहे.

हिपॅटायटिस ‘सी’ने वेगळा धडा दिला. त्याला एक दार पुरत नाही. १९९८ मध्ये सीडी८१, नंतर एसआर-बी१, २००७ मध्ये क्लॉडिन-१ आणि २००९ मध्ये ऑक्लुडिन, असे एकामागून एक रेणू पुढे आले. विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे सोपवला जात अखेरीस पेशीत शिरतो. ‘ए’चा धडा तर सावधगिरीचा आहे. १९९६ मध्ये त्याचा ग्राही सापडल्याचे जाहीर झाले आणि त्या प्रथिनाला विषाणूच्या नावावरूनच नाव मिळाले. तब्बल दोन दशके ते पुस्तकांत राहिले. २०१७ मध्ये हे प्रथिन पेशीतून काढून टाकूनही लागण होते, असे दिसले, आणि २०२० मध्ये गँग्लिओसाइड नावाचे शर्करायुक्त स्निग्ध रेणू प्रवेशासाठी आवश्यक असल्याचे दाखवण्यात आले. विद्यार्थ्यांनी यातून घ्यायची गोष्ट अशी: एखादा रेणू विषाणूला चिकटतो आणि एखाद्या रेणूवाचून विषाणू आत जाऊच शकत नाही, ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले सिद्ध करणे सोपे असते. दुसऱ्यासाठी तो रेणू काढून टाकून पाहावे लागते.

आता पुन्हा ‘ई’कडे, आणि दिल्लीकडे. नवी दिल्लीतील आंतरराष्ट्रीय जनुक अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्रात शाहिद जमील यांच्या गटाने या विषाणूवर अनेक वर्षे काम केले. २००९ मध्ये मंजुळा कालिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध ‘जर्नल ऑफ व्हायरॉलॉजी’त आला. पेशीच्या बाहेर हेपरान सल्फेट नावाच्या ऋणभारित शर्करासाखळ्यांचे जाळे असते. ‘ई’च्या कवचाचे प्रथिन पेशीला धरते ते या साखळ्यांच्या आधारे, हे या गटाने दाखवले. विकराने साखळ्या कापून टाकल्या की कवच पेशीला नीट धरू शकत नाही आणि लागणही रोडावते. ज्या प्रथिनांवर या साखळ्या असतात, त्यांपैकी सिंडेकनांची भूमिका त्यात विशेष दिसली. १९५५ च्या साथीनंतर अर्ध्या शतकाने, त्याच शहरातील प्रयोगशाळेत, त्या विषाणूच्या प्रवेशाची पहिली पायरी उजेडात आली.

ही पायरी खरी असली तरी ते अंतिम दार नाही. हेपरान सल्फेट शरीरातील बहुतेक पेशींवर असते आणि अनेक विषाणू त्याचा पहिला आधार म्हणून उपयोग करतात, ‘बी’ही करतो. उंबरठ्यावर पाय ठेवण्याइतकाच त्याचा अर्थ. विषाणू यकृतच का निवडतो, हे त्यावरून कळत नाही. पुढे २०१९ मध्ये जपानमधील संशोधकांनी इंटेग्रिन अल्फा-३ या प्रथिनाचा सहभाग दाखवला आणि २०२३ मध्ये पेशीवाढीचा संदेश घेणाऱ्या ईजीएफ ग्राहीचाही प्रवेशात हात असल्याचे समोर आले. तरी ‘बी’च्या एनटीसीपीइतके निःशंकपणे बोट ठेवता येईल असा एकही रेणू ‘ई’साठी अजून निश्चित झालेला नाही.

अडचण विषाणूच्या स्वभावातच आहे. ‘ई’ दोन वेषांत वावरतो. पाण्यात आणि विष्ठेत तो उघड्या कवचाचा असतो. रुग्णाच्या रक्तात मात्र पेशीकडूनच घेतलेल्या स्निग्ध पटलाची शाल पांघरून फिरतो. उघडा कण आणि शाल पांघरलेला कण पेशीत एकाच वाटेने जात नाहीत. शालीमुळे प्रतिपिंडांनाही कवच सहजी सापडत नाही. एका वेषाचे दार सापडले म्हणून दुसऱ्याचे सापडले, असे म्हणता येत नाही.

दुसरी अडचण विज्ञानाच्या व्यवहारातली आहे. मानवाला बाधणाऱ्या ‘ई’चे प्रमुख चार जनुकप्रकार आहेत. भारतात पाण्यातून मोठ्या साथी आणणारा आणि गर्भवतींना घातक ठरणारा प्रकार १ आहे. युरोपात आढळणारा प्रकार ३ मुख्यतः डुकरांकडून, अपुऱ्या शिजलेल्या मांसातून येतो. प्रयोगशाळेतील पेशींत तुलनेने बरे वाढणारे विषाणू बहुधा प्रकार ३ चे आहेत, प्रकार १ पेशींत वाढवणे फार अवघड आहे. त्यामुळे जगाचे बरेचसे ज्ञान प्रकार ३ वर उभे आहे. दोघांत फरक किती असू शकतो, याची एक झलक राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मिळाली. फरीदाबादच्या ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटमध्ये मिलन सुरजित यांच्या गटाने २०१६ मध्ये प्रकार १ मध्ये एक नवे विषाणुप्रथिन शोधले. पेशीवर ताण आला की ते तयार होते आणि विषाणूच्या वाढीला मदत करते. प्रकार ३ चा अभ्यास कितीही बारकाईने केला असता, तरी हे प्रथिन हाती लागले नसते.

म्हणूनच ‘जगात कोणीतरी शोधेल, मग आपण वापरू’ हा विचार येथे चालत नाही. श्रीमंत देशांच्या चिंतेचा ‘ई’ अवयव-प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांत दीर्घकाळ टिकणारा प्रकार ३ आहे. दिल्लीला, काश्मीरला, कानपूरला किंवा महाराष्ट्रातील शहरांना छळणारा विषाणू वेगळा आहे, आणि त्याचे नमुने, त्याचे रुग्ण, त्याचे डॉक्टर येथेच आहेत.

यावर एक वजनदार आक्षेप घेतला जातो. हा आजार मैल्याने दूषित झालेल्या पाण्याचा आहे. नळाचे पाणी स्वच्छ ठेवले की प्रश्न मिटतो. मग पेशीच्या पृष्ठभागावरील रेणू शोधत बसण्यात पैसा कशाला घालवायचा? आक्षेपाचा पहिला भाग निर्विवाद आहे. गळकी जलवाहिनी आणि तिच्याशेजारून जाणारे गटार यांचे उत्तर कोणतेही औषध देऊ शकत नाही, आणि ग्राहीवरील संशोधन हा नगरपालिकेच्या निष्काळजीपणाला पर्याय होता कामा नये. परंतु १९५५ चीच साथ आक्षेपाचा दुसरा भाग खोटा ठरवते. त्या वर्षी पाण्याची काळजी घेतली गेली होती. ती तेव्हाच्या ज्ञानाप्रमाणे, जिवाणूंना समोर ठेवून घेतली गेली. ज्या शत्रूची ओळखच नव्हती, त्याच्यासाठी उपाय योजता आला नाही. पाण्याचे काम आणि प्रयोगशाळेचे काम यांत एकाची निवड करायची असते, हा समजच चुकीचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक शास्त्रीय आहे आणि तो प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. ‘ई’चा रुग्ण डोळे पिवळे झाल्यावर डॉक्टरांकडे येतो. लागण होऊन तोवर कित्येक आठवडे गेलेले असतात आणि विषाणूने यकृताच्या असंख्य पेशी आधीच गाठलेल्या असतात. त्या अवस्थेत दार बंद करणारे औषध कितपत उपयोगी पडेल, याची शंका रास्त आहे. बुलेव्हिर्टाइडचे यश दीर्घकालीन आजारात आहे, तेथे नव्या पेशींची लागण रोखायला वेळ मिळतो. तीव्र आजारात तो वेळ नसतो.

मग दार ओळखून साधायचे काय? निदान तीन गोष्टी. पहिली, प्रकार १ प्रयोगशाळेत नीट वाढवता येईल अशा पेशी तयार करता येतील; एनटीसीपीने ‘बी’साठी नेमके हेच केले. दुसरी, कवचाचा कोणता भाग पेशीला स्पर्श करतो हे कळले, की कोणते प्रतिपिंड विषाणूला खरोखर अडवतात हे ताडता येईल. साथ सुरू असताना अजून आजारी न पडलेल्या गर्भवतींचे रक्षण करण्यासाठी असे प्रतिपिंड उपयोगी पडू शकतात का, हा त्यानंतरचा प्रश्न आहे, आणि तो विचारण्याजोगा आहे. तिसरी, गर्भवतींमध्येच हा आजार इतका उग्र का होतो, या कोड्याला नवी वाट मिळेल. गर्भारपणातील संप्रेरके यकृतपेशीचा पृष्ठभाग बदलतात काय, वारेच्या पेशींवर विषाणूला कोणता आधार मिळतो, हे प्रश्न दाराची ओळख पटल्याशिवाय नेमकेपणाने विचारताही येत नाहीत.

या तिसऱ्या गोष्टीत सर्वांत मोठे मोल आहे. ‘ई’वर खास तयार केलेले एकही औषध बाजारात नाही. दीर्घकालीन ‘ई’साठी डॉक्टर ज्या रिबाव्हिरिनचा आधार घेतात, ते गर्भात व्यंग निर्माण करू शकते, म्हणून गर्भवतीला टाळावे लागते. जिला सर्वाधिक धोका, तिच्याच हाती काही नाही. चीनमध्ये २०११ मध्ये मान्यता मिळालेली लस अस्तित्वात आहे आणि २०२२ मध्ये दक्षिण सुदानमधील बेन्टियूच्या विस्थापितांच्या छावणीत साथ आवरण्यासाठी ती गर्भवतींनाही देण्यात आली. भारताच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात मात्र ‘ई’ची लस नाही. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ पासून सुरू आहे. त्यात ‘बी’ आणि ‘सी’च्या उपचारांवर भर आहे, आणि रुग्णसंख्या पाहता तो योग्यच आहे. पण साथीच्या वेळी दगावणाऱ्या तरुण माता त्या दीर्घकालीन रुग्णांच्या आकड्यांत दिसत नाहीत.

यासाठी लागणारी साधने राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात आणि पुण्यात विखुरलेली आहेत. वसंत कुंजमधील यकृत व पित्त विज्ञान संस्थेत रुग्ण आहेत, नवी दिल्ली आणि फरीदाबाद येथे विषाणूचे रेणुशास्त्र जाणणारे गट आहेत, पुण्यात साथींचा जुना अनुभव आहे. उणीव आहे ती तीन वर्षांच्या अनुदानापलीकडे पाहणाऱ्या निधीची. ‘ए’चा चुकीचा ग्राही दुरुस्त व्हायला दोन दशके लागली, ‘बी’चा खरा ग्राही मिळायला त्याहून अधिक. दर वर्षी प्रगतीचा अहवाल मागणाऱ्या व्यवस्थेत अशा प्रश्नाला हात घालणारा तरुण संशोधक स्वतःची कारकीर्दच पणाला लावतो. अशा कामाला किमान १० वर्षांचे अभय हवे.

आणखी एक गोष्ट हवी, आणि तिला फारसा खर्चही नाही. १९५५-५६ च्या साथीचे रहस्य १९८० मध्ये उलगडले, कारण कोणीतरी त्या रुग्णांचे रक्तद्रव नीट नोंदी करून शीतगृहात जपून ठेवले होते. जपणाऱ्यांना ‘ई’ हे नावही ठाऊक नव्हते. आज एखाद्या वसाहतीत काविळीची साथ आली, की टँकर येतो, जलवाहिनी दुरुस्त होते, आणि रुग्णांचे नमुने चाचणीनंतर बहुधा फेकले जातात. प्रत्येक साथीतून संमती घेऊन काही नमुने जपणे, विशेषतः गर्भवती रुग्णांचे, हा राष्ट्रीय नियम व्हायला हवा.

नजफगढचा नाला आजही वजिराबादच्या खाली यमुनेला मिळतो. पुढची साथ येईल तेव्हा दिल्लीकडे १९५५ पेक्षा चांगली चाचणी असेल. त्या साथीत इस्पितळात दाखल झालेल्या गर्भवतीला चाचणीच्या निकालापलीकडे काही देता येईल काय, याचे उत्तर ज्या प्रयोगशाळांतून यायचे आहे, त्यांना निधी आणि नमुने आताच पुरवायला हवेत.